पर्वतीच्या पायऱ्या कोणी मोजल्याच नाहीत तर किती?

निवांत दुपार | रविवार, दुपारी २.१०

भाचा सुट्टीला आलाय. वय आठ. आज सकाळी त्याला घेऊन पर्वतीला गेले. पायथ्याशी मी सवयीने म्हणाले, "चल, मोजत जाऊ. एकशे तीन आहेत म्हणतात." झालं! "सांगून टाकलंस ना, आता काय मजा?" म्हणून तोंड फुगवून उभा.

आठवडाभर आई वर्षाची चिंच फोडत बसली होती, त्यामुळे साहेबांच्या हाफ पँटचा उजवा खिसा चिंचोक्यांनी टम्म. त्याने स्वतःच युक्ती काढली. मोजायचं नाही. एक पायरी चढली की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. मी बोलायचंसुद्धा नाही, कारण बोलता बोलता माझ्या तोंडून आकडा निघेल. एवढ्या शांतपणे मी पर्वती जन्मात चढले नव्हते.

वर देवदेवेश्वराला नमस्कार केला आणि कठड्याशी टेकलो. डावा खिसा हाताने दाबून धरत तो म्हणाला, "मावशी, यात किती आहेत हे आत्ता कोणालाच माहीत नाही ना?"

नाही.

"मला पण नाही आणि तुला पण नाही. मग किती आहेत?"

मी म्हटलं, जितक्या पायऱ्या तितके. "ते माहितीये गं! पण किती?" मोज की मग. तर म्हणे, "मोजल्यावर कळेलच. मोजायच्या आधी पण तेवढेच असतात का?"

मी "अर्थात" म्हणाले आणि उतरताना लक्षात आलं की ते "अर्थात" कुठून आलं हे मला सांगता येत नाहीये. घरी आल्यावर चिंचोके श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गेले, झाकणावर चिकटपट्टी आणि त्यावर पेनाने "मोजू नये". (मुलगा नागपूरचा आहे. चार दिवसांत पुणेरी पाटी जमायला लागली.)

तर मंडळी, संख्या आपण शोधतो की तयार करतो? कोणालाच माहीत नसलेली संख्या "असते" म्हणजे नक्की काय असतं?

टेकडीवाला | रविवार, दुपारी २.४५

रोज पर्वती करणारा माणूस म्हणून बोलतो. एकशे तीन सगळीकडे छापलेलं असतं. पण मधले रुंद टप्पे पायरी धरायचे का? रस्त्याला लागून जो उंचवटा आहे तो पहिली पायरी की रस्ता? माझ्यासोबत एक काका यायचे, त्यांचा आकडा माझ्यापेक्षा नेहमी दोनने जास्त. चार वर्षं भांडलो. दोघांचंही मोजणं बरोबर होतं. दगड तेच, पाय तेच, आकडे दोन. म्हणजे आकडा दगडात नाही, "पायरी कशाला म्हणायचं" यात आहे.

सदाशिवपेठी | रविवार, दुपारी २.५२

प्रश्न गहन आहे. गाडी कुठे लावलीत ते सांगा, ते जास्त उपयोगी पडेल.

बिनसाखर | रविवार, दुपारी ३.३०

टेकडीवाला, तुमचं अर्धंच पटलं. पायरी कशाला म्हणायचं हे आपण ठरवतो, मान्य. पण एकदा ठरवलं की आकडा किती येणार यात तुम्हाला काही मत उरतं का? काकांच्या व्याख्येने काकांचा आकडा रोज तोच यायचा ना? त्यांनी कितीही हट्ट केला तरी एकने कमी झाला नसता.

आणखी एक. समजा १०३ आहेत. दोन-दोन पायऱ्या घेत चढलात तर ५१ ढांगा आणि एक उरते. तीन-तीन घेतल्या तरी एक उरते. चार-चार, तीन उरतात. पाच-पाच, पुन्हा तीन. कोणत्याही ढांगेने चढा, शेवटी पाऊल तोकडंच पडणार, कारण १०३ ही मूळ संख्या आहे. पायऱ्या बांधणाऱ्याने हे ठरवलं नव्हतं आणि चढणाऱ्यालाही ठाऊक असायची गरज नाही, अडखळतो तो न्यूटनही आणि पेढे घेऊन निघालेला भाविकही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आजवरची सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. लिहून काढली तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक. सप्टेंबरमध्ये ती मूळ आहे हे पृथ्वीवर एकालाही माहीत नव्हतं. म्हणून सप्टेंबरमध्ये तिला कशाने तरी भाग जात होता म्हणायचं का? "सापडली" हेच क्रियापद आपसूक येतं. कोणी "बनवली" म्हणत नाही.

झेड ब्रिज | रविवार, दुपारी ४.०५

क्रियापदावर जाऊ नका. आपण "सूर्य उगवला" पण म्हणतो.

बुद्धिबळ घ्या. एकट्या राजासमोर राजा आणि दोन घोडे असतील, तर समोरच्याने चूक केल्याशिवाय मात करता येत नाही. हे कोणी ठरवलं नाही, तपासून पाहिल्यावर कळलं. पण म्हणून डायनोसॉरच्या काळात घोडा अडीच घरं चालत होता असं कोणी म्हणत नाही. खेळ आपला, नियम आपले, आणि त्या नियमांतून जे निघतं त्यावर आपला ताबा नाही. संख्यांचंही इतकंच आहे. तुमच्या ४ कोटी अंकांच्या संख्येला एखादं स्वर्गीय घर द्यायची गरज कुठे येते?

आणि घर दिलंच तर अडचण वाढते. संख्या स्थळकाळाच्या बाहेर आहेत, कोणाला ढकलत नाहीत, उजेड टाकत नाहीत, मग त्यांची बातमी माझ्या डोक्यापर्यंत आली कशी? तत्त्वज्ञ पॉल बेनासेराफने १९७३ मध्ये हा प्रश्न विचारला. तेव्हापासून प्लेटोवाल्यांची, म्हणजे संख्या आपल्याशिवायही असतात म्हणणाऱ्यांची, उत्तरं पुष्कळ आली, पण समाधान होईल असं मला तरी भेटलेलं नाही.

खरवस | रविवार, दुपारी ४.२०

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

औटकी | रविवार, सायंकाळी ५.५०

मी ७४ वर्षांचा आहे. पावकी, निमकी, पाउणकी, अडीचकी, औटकी उभं राहून म्हटलेल्यांपैकी. त्यामुळे हा धागा माझाच समजतो.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. तर एकूण किती? समीकरणाला दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नास ताडून पाहा: पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, वरचं एक, झाली ५०. आता पाच: पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे उणे दोन, वर्ग ४, वरचं एक, झाली ५. गणित दोन्ही मान्य करतं. आचार्य मात्र पाच सोडून देतात. का, तर उणे दोन माकडं लोकांना पटत नाहीत.

मला यात गंमत वाटते ती अशी. पाच हे उत्तर कोणाला नको होतं, तरी आलं. बोलावलं नव्हतं. बाराव्या शतकात आपल्या चाळीसगावकडच्या डोंगरातला एवढा मोठा गणिती ते दारात उभं असलेलं पाहतो, नोंद करतो आणि "लोक मानत नाहीत" म्हणून परत पाठवतो. आपणच बनवलेलं असतं तर नको असलेलं मुळात बनवलं कशाला असतं?

अवांतर: आमच्या गावी खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन असं. नाव बदललं म्हणून पोत्यात धान्य वाढलं नाही. वाढावं अशी इच्छा मात्र असे.

अर्धवट शहाणा | रविवार, सायंकाळी ६.१५

काका, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा ना? मग माझाही हक्क पोचतो. पेशवाईत साडेतीन शहाणे होते. नाना फडणवीस अर्धे, कारण तलवार नाही. आता सांगा, तो अर्धा नानांच्या आत होता की मोजणाऱ्याच्या? पाहणाऱ्याला दिसले असते तेव्हा अख्खेच दिसले असते. ह. घ्या.

खरवस | रविवार, रात्री ८.४०

पॉपकॉर्न संपले, आता लिहिते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "बावीस"च्या जोडीला "वीस दोन" आलं तेव्हाचा गदारोळ आठवतोय? पेपरात अग्रलेख, घराघरात वाद, जणू बावीस मेलाच. वर्गात मी फळ्याजवळ बावीस खडू मांडले. एका पोराने बावीस म्हटलं, दुसऱ्याने वीस दोन. खडू पुन्हा खोक्यात गेले तेव्हा खोकं तेवढंच भरलं. नाव ही एक गोष्ट, संख्या दुसरी, इथपर्यंत मला काही शंका नाही.

पण नावाशिवाय संख्या हाताला लागते का, याची शंका आहे. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या आकड्यांसाठी शब्द नाहीत. त्यांच्यासोबत संशोधकांनी केलेले प्रयोग २००४ आणि २००८ साली छापून आले. २००८ च्या प्रयोगात समोर ओळीत वस्तू मांडल्या आणि "तितक्याच मांड" म्हटलं, तर ते एकास एक लावून बरोबर मांडत. वस्तू झाकल्या आणि लक्षात ठेवून मांडायला सांगितल्या की चुका सुरू. म्हणजे "तितकेच" हे कळायला शब्द लागत नाही. "किती" हे जपून ठेवायला लागतो.

निवांत ताई, तुमच्या भाच्याने खिशात नेमकं हेच केलंय. त्याच्याकडे "तितकेच" आहे, "किती" नाही. या वयात एवढं सुचणं हुशारीचं आहे, त्याला सांगा.

निवांत दुपार | रविवार, रात्री ९.०५

सांगितलं. "मग मी जिंकलो का?" म्हणून विचारतोय. कोणाशी खेळत होता देव जाणे.

पंचावयव | रविवार, रात्री ११.३०

उशिरा आलो. ज्या प्रश्नावर आपण प्लेटो आणि बेनासेराफ करतोय त्यावर आपल्याकडे हजार-दीड हजार वर्षं भांडण झालेलं आहे आणि ते फार बारकाईने झालेलं आहे. जरा सविस्तर लिहितो.

न्याय-वैशेषिक मतात संख्या हा गुण आहे. रंग जसा घड्यात राहतो तशी संख्या द्रव्यात राहते. इथपर्यंत हे बिनसाखर यांच्या बाजूचे. आता पेच येतो. एकत्व वस्तूत असतंच. परमाणू नित्य, म्हणून त्याचं एकत्वही नित्य. घडा फुटणारा, म्हणून त्याचं एकत्व त्याच्याबरोबर जाणारं. पण दोनपासून थेट परार्धापर्यंत सगळ्या संख्या कुठेही असल्या तरी अनित्यच, असं तर्कसंग्रहात अन्नंभट्ट स्वच्छ सांगतात. का? कारण त्या जन्माला यायला पाहणारा लागतो. समोर दोन घडे आहेत. पाहणाऱ्याला "हा एक, हा एक" अशी जाणीव होते. तिचं नाव अपेक्षाबुद्धी. तिच्यामुळे घड्यांमध्ये द्वित्व उत्पन्न होतं, मग ते त्याला दिसतं आणि ती बुद्धी मावळली की द्वित्वही नाहीसं होतं.

नीट पाहा, ही झेड ब्रिज यांची भूमिका नव्हे. द्वित्व मनात नाही, घड्यांतच आहे. खरं आहे. पण मनामुळे आहे. असं मधलं घर मला पाश्चात्त्य वादात सहसा दिसलेलं नाही.

मग कोणीतरी विचारणारच: माणसं नव्हती तेव्हा? इथे मजा आहे. दोन परमाणूंचं द्व्यणुक होतं, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. खिडकीतून उन्हाची तिरीप येते त्यात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे त्र्यणुक. त्याला दिसण्याइतका आकार आला कुठून? परमाणूच्या आकारातून येऊ शकत नाही, कारण सूक्ष्मातून वाढ झाली तर आणखी सूक्ष्मच निघेल. तेव्हा आकार येतो संख्येतून. पण सृष्टीच्या आरंभी परमाणूंकडे बघून "हा एक, हा एक" म्हणणारं होतं कोण? उत्तर: ईश्वर. उदयनाचार्य न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध करायला जी कारणं देतात त्यात एक कारण चक्क "संख्याविशेष" आहे. संख्येला मोजणारा लागतो, संख्या तर माणसाआधीपासून होती, म्हणून मोजणारा होता.

मी स्वतः आस्तिक नाही. पण भाच्याच्या खिशाचा प्रश्न इतक्या गंभीरपणे घेणारी माणसं होऊन गेली याचा आनंद होतो.

काजळी | सोमवार, सकाळी ७.२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). पंचावयव, तुमचे प्रतिसाद वेगळा धागा म्हणून यायला हवेत.

अर्धवट शहाणा | सोमवार, सकाळी ९.५५

पंचावयव, अडाण्याची शंका. तुमच्या मते गुण एकूण किती? शाळेत चोवीस ऐकले होते. आता गुण द्रव्यात राहतो, गुणात गुण राहत नाही, हेही ऐकलं होतं. मग ते "चोवीस"पण राहतं कुठे? चोवीस ही संख्या, संख्या हा गुण, आणि ती गुणांनाच चिकटलीये!

पंचावयव | सोमवार, सकाळी १०.३०

अर्धवट म्हणवून घेणं बंद करा. ही अडचण खरी आहे आणि जुनी आहे. रघुनाथ शिरोमणींनी संख्येला गुणांच्या यादीतून काढून स्वतंत्र पदार्थच मानलं. गुणही मोजता येतात, तर संख्या गुण कशी असेल?

याला समांतर मुद्दा जर्मनीत गोटलोब फ्रेगेने १८८४ मध्ये मांडला. पत्त्यांचा ढीग हातात देऊन "किती?" विचारलं तर उत्तर नाही. किती काय? पत्ते, कॅट, की एक्के? पर्वतीवर एक जिना आहे आणि शंभरावर पायऱ्या आहेत, दगड तेच. संख्या दगडाला चिकटत नाही, "पायरी" या कल्पनेला चिकटते. टेकडीवाल्यांनी पहिल्याच प्रतिसादात हेच सांगितलं होतं. फरक इतकाच की फ्रेगे यावरून "म्हणून संख्या मनात आहे" असं म्हणत नाही, उलट त्याचा त्याला तिटकारा होता.

टेकडीवाला | सोमवार, दुपारी १२.१५

मी फ्रेगेच्या आधी नसलो तरी त्याच्याशिवाय सांगितलं, एवढं नोंदवून ठेवा.

एक किड्यांची गोष्ट. उत्तर अमेरिकेत सिकाडाच्या काही जाती १३ वर्षं जमिनीखाली राहतात, काही १७ वर्षं, आणि मग लाखोंनी एकदम बाहेर येतात. तेरा गुणिले सतरा, २२१. म्हणजे अशा एका तेरावाल्या आणि एका सतरावाल्या टोळीची गाठ २२१ वर्षांनी एकदाच. २०२४ मध्ये तशी एक पडली. त्याआधी ती पडली होती १८०३ मध्ये, म्हणजे वसईचा तह करून दुसरा बाजीराव इंग्रजांच्या सोबतीने पुण्यात परत आला त्या साली. किड्यांना गुणाकार येत नाही. तरी २२१ चुकलं नाही.

झेड ब्रिज | सोमवार, दुपारी १.००

किडे वर्षं पाळतात, संख्या पाळत नाहीत. "२२१" हे आपण बाहेर उभं राहून लावलेलं लेबल. वर्ष हेसुद्धा "पायरी"सारखंच.

बरं, बिनसाखर यांच्यासाठी घरचंच उदाहरण. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीत शाळामास्तर. १९४९ चा त्यांचा ६१७४. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यातली मोठी मांडणी, वजा लहानातली लहान. पुन्हा तेच. फर्ग्युसनचं स्थापनेचं साल घेऊ, १८८५.

८८५१ वजा १५८८, ७२६३.
७६३२ वजा २३६७, ५२६५.
६५५२ वजा २५५६, ३९९६.
९९६३ वजा ३६९९, ६२६४.
६६४२ वजा २४६६, ४१७६.
७६४१ वजा १४६७, ६१७४.

आता तिथून हलणार नाही, ७६४१ वजा १४६७ पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा आणि प्रत्येक संख्या इथे येऊन बसते. जादूच वाटते. पण ही जादू दशमान पद्धतीची आहे. हाताला दहा बोटं म्हणून दहा. एका हातावर भागवणाऱ्यांनी पाचाच्या पायावर अंक लिहिले तर हीच वजाबाकी ३०३२ वर जाऊन अडकते, जी आपल्या भाषेत ३९२ होते. मग ६१७४ सृष्टीत होता की बोटांत?

बिनसाखर | सोमवार, दुपारी २.१०

मस्त उदाहरण, पण ते उलट माझ्याच बाजूने पडतं. १०३ मूळ आहे हे अंक कसेही लिहा, बदलत नाही. बायनरीत ११००१११ लिहा, रोमनमध्ये लिहा, चिंचोके मांडा, आयत होणार नाही, एकेरी ओळच होणार. ६१७४ बदलतं, मान्य. पण "दहाच्या पायावर ६१७४, पाचाच्या पायावर ३०३२" हे अख्खं वाक्य बदलतं का? पाच बोटांचा प्राणी असेल तोही दहाच्या पायावर गणित करून बघेल तेव्हा त्याला ६१७४ च मिळेल. पाया निवडला कापरेकरांच्या बोटांनी, पण पुढचं काही त्यांनी निवडलं नाही. १९४९ च्या आधी कोणी ही वजाबाकी करत बसला असता तर तोही तिथेच पोचला असता.

झेड ब्रिज | सोमवार, दुपारी २.४०

"असता तर." तुमचा सगळा स्वर्ग त्या "असता तर" मध्ये आहे.

बिनसाखर | सोमवार, दुपारी २.४४

आणि तुमच्या दोन घोड्यांची मात कशात आहे?

झेड ब्रिज | सोमवार, दुपारी ३.३०

हं. तासभर विचार करून लिहितोय. तिथेही "असता तर"च आहे. कोणीच न खेळलेल्या डावांबद्दल मी ठामपणे बोललो होतो. एवढं मागे घेतो. स्वर्ग मागे घेत नाही, म्हणजे नाकारतोच आहे.

औटकी | सोमवार, सायंकाळी ५.१५

वा! पुण्यात माणसाने जाहीर माघार घेतली. तारीख लिहून ठेवा.

काजळी | सोमवार, रात्री ९.१०

एक मुद्दा राहतोय. मूळ संख्या तपासून संपवता येते. कधीच न संपणाऱ्याचं काय? π चे अंक पुढे पुढे जातच राहतात. त्यात कुठेतरी ०१२३४५६७८९ असा सलग क्रम आहे का? डच गणिती ब्रौवर असलीच उदाहरणं द्यायचे. त्यांचं म्हणणं, जोवर क्रम सापडत नाही, किंवा सापडणं अशक्य आहे हे सिद्ध होत नाही, तोवर "आहे" किंवा "नाही" यातलं एक खरं असणारच, हे म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. गणित म्हणजे मनाने केलेली बांधणी, न बांधलेल्या मजल्यावर कोण राहतं हे विचारायचं नाही.

ब्रौवर १९६६ मध्ये गेले. १९९७ मध्ये जपानच्या यासुमासा कानाडांच्या संगणकाला तो क्रम सापडला, दशांशचिन्हानंतर १,७३८ कोटी ७५ लाख ९४ हजार ८८० व्या जागेपासून. (आडनाव खरंच कानाडा. विठ्ठलाशी संबंध नाही, आणि पंचावयवांच्या वैशेषिकांचे मूळपुरुष कणाद यांच्याशीही.) आता प्रश्न असा की १९९६ मध्ये तो तिथे होता का? मला "होता" म्हणण्यावाचून राहवत नाही. पण ब्रौवरना हे उदाहरण हातातून गेल्याचं फारसं दुःख झालं नसतं. त्यांनी लगेच वीस अंकी क्रम मागितला असता.

दुसऱ्या टोकाचे एक होते, रशियन येसेनिन-वोल्पिन. फार मोठ्या संख्या असतात हेच त्यांना मान्य नव्हतं. हार्वी फ्रीडमन यांनी त्यांना पकडायला विचारलं, २ खरा? हो. २ चा वर्ग? हो, पण जरा थांबून. घन? आणखी थांबून. प्रत्येक पुढच्या घाताला वेळ दुप्पट होत गेला. शंभराव्या घातापर्यंत "हो" म्हणायची वेळच येणार नव्हती.

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ९.३०

आमच्याकडे उधारी मागितली की असंच होतं.

निवांत दुपार | मंगळवार, सकाळी ११.००

सगळ्यांचे आभार, पण एक दुर्घटना सांगायची आहे.

काल दुपारी आईला श्रीखंडाचा डबा हवा होता. चिकटपट्टी काढली, पाटी वाचली नाही (चष्मा नव्हता असं तिचं म्हणणं) आणि आतले चिंचोके बाकीच्या चिंचोक्यांच्या पत्र्याच्या डब्यात ओतून मोकळी झाली. त्या डब्यात किलोभर तरी असतील. सगळे सारखे चकचकीत, तपकिरी. कोणता पर्वतीचा आणि कोणता घरचा, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणजे आता त्या खिशात किती होते हे कधीच कळायचं नाही. पायऱ्या जाऊन मोजता येतील, पण तो एखादी विसरला असेल, एखादा चिंचोका खाली पडला असेल. मी शेजारून चालत होते, माझ्या डोळ्यांसमोर ते एकेक करून गेले, आणि आता तो आकडा कुठेच नाही. का आहे? काल रात्रीपासून हेच डोक्यात आहे.

पंचावयव | मंगळवार, सकाळी ११.२५

अपेक्षाबुद्धी झालीच नव्हती. मुलगा "हा एक, हा एक" असंही म्हणत नव्हता, नुसते सरकवत होता. कट्टर वैशेषिक म्हणेल, नष्ट काय व्हायचंय, उत्पन्नच झालं नव्हतं. अर्थात ईश्वराचं लक्ष होतं असं उदयन म्हणतील.

बिनसाखर | मंगळवार, सकाळी ११.३१

होता आणि आहे. कळणार नाही एवढंच.

झेड ब्रिज | मंगळवार, दुपारी १२.०५

या एका खिशापुरता मी बिनसाखर यांच्याशी सहमत आहे. चिंचोके होते, म्हणून तितके होते. माझं भांडण चिंचोके नसलेल्या संख्यांशी आहे.

खरवस | मंगळवार, दुपारी १२.२०

भाचा काय म्हणतोय? रडला का?

निवांत दुपार | मंगळवार, दुपारी १२.४०

आधी आजीवर चिडला, जेवला नाही. मग येऊन विचारलंन, "त्या मोठ्या डब्याचं आधी वजन केलं होतं का कोणी?"

नव्हतं केलं. आणि चिंचोके सगळे एका वजनाचे नसतात, हे सांगितल्यावर आता तो स्वयंपाकघरात ताटात चिंचोके ओतून लहान-मोठे निवडत बसलाय. आई म्हणते, बसू दे.